मोजणीचा रोव्हर आणि आयनांबराचा नकाशा

बांधाचे भांडण वीतभर जमिनीवरूनच होते. रोव्हर सेंटिमीटरपर्यंत मोजतो. पण जीपीएस उपग्रहाचा संदेश सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येताना आयनांबरातून जातो. सूर्यकिरणांमुळे तेथे मोकळे झालेले इलेक्ट्रॉन त्याला उशीर लावतात. दोन वारंवारितांना हा उशीर कमीजास्त लागतो. त्या फरकावरून जमिनीवरील स्थिर केंद्रे वाटेतील इलेक्ट्रॉन मोजतात. अनेक केंद्रांची मापे जोडली की नकाशा होतो. विमानांसाठी उभारलेली भारताची ‘गगन’ प्रणाली अशाच नकाशातून दुरुस्ती पाठविते. तरीही मे २०२४ च्या सौरवादळात अमेरिकेत जीपीएसवर चालणारे अनेक ट्रॅक्टर ऐन पेरणीत थांबले. आपल्याकडे मार्च व सप्टेंबरच्या सुमारास सूर्यास्तानंतर हा थर अस्थिर होतो. मोजणी सकाळीच उरकावी. रोव्हर ‘फिक्स’ दाखवीपर्यंत खूण रोवू देऊ नये.