दारफाळणीचा सण : एका उपवासाचे मराठी नाव

ज्यू पंचांगातील तिश्री महिन्याची दहावी तिथी म्हणजे योम किप्पूर. हा हिब्रू शब्द. अर्थ, प्रायश्चित्ताचा दिवस. सूर्यास्ताआधी सुरू होणारा हा निर्जळी उपवास दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्यावर सुटतो. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजात मात्र या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. दार लावून घेण्याचा सण, असा त्याचा अर्थ.

या समाजाचे इतिहासकार हाइम सामुएल केहीमकर यांच्या ग्रंथात (प्रकाशन १९३७) जुन्या चालीची नोंद आहे. स्नान करून, पांढरी वस्त्रे नेसून माणसे घरात राहत, दारे लावून घेत आणि बाहेरच्यांशी संपर्क टाळत. दुसऱ्या दिवसाचे नाव ‘शिळा सण’. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठी होत.

ही नावे भाषेच्या अभ्यासकाला काय सांगतात? कोकणातील खेड्यांत या समाजाजवळ ना प्रार्थनामंदिर होते, ना धर्मग्रंथ. त्यांचे मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर १७९६ सालचे. तोवर धर्म टिकला तो घरातील आचारात, आणि त्या आचाराला नावे मिळाली ती घरातल्याच मराठीतून. ‘प्रायश्चित्त’ ही कल्पना आहे. दार लावणे ही कृती आहे. ग्रंथ हाताशी नसताना कृती लक्षात राहते. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, तेव्हा कल्पनेलाही मराठी शब्द लाभले.

या दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेचे हिब्रू नाव ‘नेइला’. त्याचाही अर्थ दार मिटणे असाच आहे. तिथे मिटते ते स्वर्गाचे दार, इथे घराचे. ज्यू परंपरा आणखी एक गोष्ट बजावते : माणसाचा केलेला अपराध उपवासाने फिटत नाही, त्या माणसाची समजूत काढावी लागते. म्हणून दारफाळणी आणि शिळा सण ही नावे एकत्र वाचावीत. दार लावून स्वतःकडे पाहायचे, मग ते उघडून शेजाऱ्याकडे जायचे.

१९४८नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. आज ‘योम किप्पूर’ हेच नाव रूढ आहे; उपवास टिकला, त्याचे मराठी नाव मागे पडत चालले. महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ओळखायला हवे. आपल्या विद्यार्थ्यांना घरातल्या व्रतांची आजीच्या तोंडची नावे लिहून आणायला सांगावे. कोशात नसलेला इतिहास तिथे सापडेल.