अंगणातून बागेत

भाद्रपदी पौर्णिमेला विदर्भातील घराघरांत भुलाबाई येते. मातीच्या दोन मूर्ती, एक भुलाबाईची व दुसरी भुलोजीची, कोनाड्यात किंवा पाटावर मांडतात आणि तेथून आश्विनातील कोजागरी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे महिनाभर, मुलींची संध्याकाळ गाण्यांनी भरून जाते. भुलाबाई म्हणजे पार्वती व भुलोजी म्हणजे शंकर, असे लोक मानतात. सारीपाटाच्या डावात हरलेला शंकर रुसून रानात निघून गेला, तेव्हा पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेऊन त्यास भुलविले. म्हणून ती भुलाबाई, अशी कथा सांगतात.

या गाण्यांचा कोणी एक कवी नाही. सासरचा जाच, माहेरची ओढ, नणंदेची खोडी आणि भावाची वाट पाहणे, हे सारे त्यांत हसतखेळत येते. टिपऱ्यांचा ताल एवढेच काय ते वाद्य. एका घरची गाणी संपली, की तेथील खिरापत ओळखावयाची. झाकलेला डबा कानाशी नेऊन हलवावयाचा, गोड की तिखट हे विचारावयाचे, आणि नाव चुकले म्हणजे घरच्या मुलीने विजयी मुद्रेने पाहावयाचे! नंतर तो मेळा पुढच्या अंगणाकडे वळे. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला वा हादगा ही हिचीच बहीण. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, की तेथील मुली पाटावर हत्ती काढतात व त्याच्याभोवती फेर धरतात.

या खेळाचे मर्म मला वाटते ते असे, की त्यात गाणारी निराळी आणि ऐकणारी निराळी असा भेदच नसतो. पाच वर्षांच्या पोरीच्या हाती दोन टिपऱ्या आल्या, की तीही कलावंत होते.

पुढे शहरे वाढली. वाडे पडून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि अंगण हा शब्द पुष्कळांच्या बाबतीत पुस्तकातच उरला. फेर धरावयास जागा कोठे? पुण्या-मुंबईकडील भोंडला तेव्हा इमारतींच्या आवारात व नागरी बागांत आला. बागेने असे समारंभ आपलेसे करावेत, यात नवल नाही. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनी तळे बांधविले होते. आज त्या ठिकाणी सारसबाग आहे आणि दिवाळीत तेथे पुणेकरांची पहाटेपासून दाटी होते. मुंबईत 1862 साली खुल्या झालेल्या राणीच्या बागेत महानगरपालिका फुलांचे प्रदर्शन भरविते. त्यात पानाफुलांच्या आकृती पाहावयास गावोगावची मुले येतात.

बाग आणि कला यांचा हा शेजार आपल्या संविधानासही मान्य आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली गेली. नगरपालिका व नगरपंचायती यांच्याकडे सोपविता येतील असे 18 विषय तीत आहेत. त्यांतील बाराव्या क्रमांकावर उद्याने, बागा व क्रीडांगणे आहेत, आणि लगेच तेराव्यावर सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन! आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकीसारख्या गावीही आता नगरपंचायत आहे. तेव्हा हा विषय केवळ मोठ्या शहरांचा राहिला नाही.

मात्र बाग मिळाली म्हणजे अंगण मिळालेच असे नव्हे. बागेत उत्सव करावयाचा म्हटले, की प्रथम व्यासपीठ उभारले जाते, मग ध्वनिक्षेपक येतो, मग पाहुणे व त्यांची भाषणे. चार निवडक मुली वर गातात. उरलेल्या साठ खाली खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवितात. गाणी तीच, परंतु ज्या साठजणी गप्प बसल्या त्यांना ती पाठ होत नाहीत, आणि कागदावर न उतरलेले गाणे तर पाठांतरावरच जगते. म्हणून बागेतील भुलाबाईस हिरवळीचा एक मोकळा तुकडा पुरे. व्यासपीठ हवेच कशाला?

कोजागरीला भुलाबाईभोवती ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात. विदर्भातील पुष्कळ शेतांत ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली असल्याने ही धांडेही आता शोधून आणावी लागतात. मांडवाखाली मूर्ती बसल्या, चंद्र वर आला, की मुली आपापले डबे घेऊन गोलात बसतात. घरोघरच्या खिरापती त्या रात्री एकाच ठिकाणी आलेल्या असतात, आणि प्रत्येक डबा ओळखल्यावाचून उघडावयाचा नसतो.