परिविक्षा सेवा : इंग्लंड-वेल्सचा अनुभव

अपराध सिद्ध झाला म्हणजे प्रत्येक अपराध्यास तुरुंगातच पाठविले पाहिजे असे नाही. चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेऊन त्यास परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली समाजातच ठेवण्याची तरतूद आपल्याकडे १९५८ च्या अधिनियमात आहे. मुंबई प्रांताने तर १९३८ सालीच तसा कायदा केला होता. देखरेखीखालील व्यक्तीस योग्य रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न करावा, हे १९५८ च्या अधिनियमातील अधिकाऱ्याचे कर्तव्य इंग्लंडच्या १९०७ च्या कायद्यातही आढळते. त्यामुळे तेथील अनुभव आपणांस परका नाही.

इंग्लंडमध्ये या कार्याचा उगम १८७६ मधील एका मुद्रकाच्या देणगीत आहे. दारूपायी वारंवार न्यायालयात येणाऱ्यांना सावरण्यासाठी फ्रेडरिक रेनर यांनी चर्चच्या मद्यपानविरोधी संस्थेस पाच शिलिंग दिले. त्यातून न्यायालयांत सेवाभावी कार्यकर्ते नेमले गेले आणि १९०७ च्या कायद्याने त्या कार्यास शासकीय अधिष्ठान लाभले. १९३६ मध्ये तपासणीची यंत्रणा उभी राहिली, तर २००१ मध्ये स्थानिक सेवा एकत्र करून इंग्लंड-वेल्ससाठी राष्ट्रीय परिविक्षा सेवा स्थापन झाली.

यानंतरचा भाग विशेष अभ्यसनीय आहे. २०१४ मध्ये या सेवेची फाळणी करण्यात आली. अधिक धोक्याचे अपराधी शासनाकडे राहिले व उर्वरित २१ कंपन्यांकडे गेले. मोबदल्याचा काही भाग अपराधांची पुनरावृत्ती किती घटते यावर ठरणार होता. हिशेब कागदावर चोख होता! प्रत्यक्षात काही अपराध्यांवरील देखरेख सहा आठवड्यांतून एकदा दूरध्वनी करण्यापुरती उरल्याचे २०१७ च्या तपासणीत दिसून आले. ही रचना मुळातच सदोष असल्याचा निष्कर्ष मुख्य निरीक्षक ग्लेनिस स्टेसी यांनी २०१९ मध्ये काढला आणि जून २०२१ मध्ये सर्व काम पुन्हा एका शासकीय सेवेत आले. तिचे बारा प्रादेशिक विभाग करण्यात आले.

तथापि एकत्रीकरणाने मनुष्यबळाची उणीव भरून निघाली नाही. जून २०२२ मध्ये लंडनमध्ये एका तरुणीचा खून झाला. मारेकरी नऊच दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटला होता. त्याच्यापासूनचा धोका ‘मध्यम’ ठरविण्यात आला होता, तो ‘अधिक’ असावयास हवा होता आणि त्यास परत तुरुंगात आणण्याच्या कार्यवाहीसही विलंब झाला, असे चौकशीत आढळले. कर्मचाऱ्यांवरील कामाचा अतिरिक्त भारही त्यात नमूद आहे. धोक्याची प्रतवारी हे अनुभवी माणसाचे काम आहे. अनुभवी अधिकारी सोडून गेला की त्याची जागा लगेच भरता येत नाही.

प्रशिक्षणाचाही प्रवास असाच वळणांचा आहे. पूर्वी या पदासाठी समाजकार्याची अर्हता लागे. १९९० च्या दशकात ती अट काढून १९९८ मध्ये स्वतंत्र पदविका आली. पुढे नोकरी करीतच पूर्ण करावयाचा, साधारण १५ ते २१ महिन्यांचा अभ्यासक्रम रूढ झाला. साहजिकच शिकाऊ अधिकाऱ्यास मार्गदर्शन करण्याचा भार आधीच कामाने वाकलेल्या ज्येष्ठांवर पडतो.

आपल्याकडे न्यायालयाच्या आदेशावरून परिविक्षा अधिकारी अपराध्याची परिस्थिती व घरची स्थिती यांची चौकशी करतो, तेव्हा गावातील शिक्षक किंवा सरपंच यांनी दिलेली खरी माहिती त्याच्या अहवालाचा आधार होऊ शकते.