देऊळ कोणाचे, अंगण कोणाचे?

डोंबिवलीहून कर्जत गाडीने अंबरनाथ अर्ध्या तासाच्या आत येते. तरीही तेथील शिवालय मी प्रथम पाहिले ते इतिहासाच्या वर्गाच्या सहलीत. उत्तरद्वारावरील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ आणि शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले की डोक्यावर अपुऱ्या शिखरातून आकाश दिसते. पावसाचे पाणी दगडाचे काय करत असेल, हे तेथे कोणी सांगावे लागत नाही.

या दगडांसाठी पैसा कोण देतो? राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण राज्यघटनेच्या ४९व्या कलमाने शासनावर सोपविले आहे. १९५८च्या कायद्याने ते काम केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आहे. २०१०च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही. म्हणजे देऊळ केंद्राचे, भोवतालचे शहर नगरपालिकेचे, आणि शेजारून वाहणारी काळवंडलेली वालधुनी नदी? तिला विचारणारे अनेक, वाली कोणी नाही.

अलीकडे राज्य शासनाने मंदिर परिसराच्या विकासासाठी मोठा निधी दिला. आनंदच आहे. परंतु घाट आणि प्रवेशद्वार यांचे उद्घाटन होते. सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप उपटण्याचे उद्घाटन होत नाही. ते काम दर पावसाळ्यानंतर करावे लागते. मला वाटते, एकदाच मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी न चुकता येणारी लहान रक्कम दगडाला अधिक उपयोगी.

ठाण्याचा किल्ला पाहा. १७३०च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला हा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. त्याचा तट ढासळू देणे कोणत्याच सरकारला परवडणार नाही! इतिहासापेक्षा कैद्यांनी त्याला अधिक जपले, असे आमचे सर गमतीने म्हणतात.

अंबरनाथसाठी सरकारी पैसा प्रथम खर्च झाला तो दुरुस्तीवर नव्हे. १८६८ साली मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना येथे पाठविले, ते शिल्पांची रेखाटने करण्यासाठी व साचे घेण्यासाठी. झीज मोजायची तर आधी मूळ रूप नोंदलेले हवे. हे वाचून सरांनी आम्हालाही एकेक शिल्प काढावयास लावले. माझी नर्तकी कमरेपर्यंतच झाली आणि गाडीची वेळ झाली. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे.