पऱ्हाट्यांच्या गॅसवर इंजिन चालेल का?

प्रश्न : कापूस वेचून झाला की आम्ही पऱ्हाट्या बांधावरच पेटवतो. त्यांच्या गॅसवर डिझेल इंजिन चालेल का?

उत्तर : चालेल, पण डिझेल पूर्ण सुटणार नाही, साधारण ६० ते ७० टक्के वाचते. काडीपासून गॅस बनवणाऱ्या भट्टीत, म्हणजे गॅसिफायरमध्ये, मुद्दाम अपुरी हवा देतात. त्यामुळे काडी पुरती न जळता कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे ज्वलनशील वायू निघतात. १ किलो वाळलेल्या काडीपासून सुमारे अडीच घनमीटर गॅस मिळतो. त्यात जवळपास निम्मा नायट्रोजन, म्हणून ताकद बेताची. पऱ्हाट्यांचे तुकडे करा, ओलावा २० टक्क्यांखाली आणा. गॅसमधले डांबर गाळल्याशिवाय इंजिनाला जोडू नका. कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा, पण जीवघेणा असतो. गॅसिफायर बंद खोलीत कधीही बसवू नका.