पाठ: सीतेची आसवे कशी ओळखावीत?



पावसाळ्यात पाड्यांवर भेटीला येणारे आपले मित्र दरवर्षी मला एक सूचना करतात, "वरचा सडा मोकळाच पडला आहे, तिथे झाडे लावू या." सूचना प्रेमाची असते. पण त्याआधी त्या सड्यावरचे एक निळे फूल ओळखायला शिकू या. त्याचे नाव सीतेची आसवे.

१. जागा पाहा. सह्याद्रीतल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर माती जेमतेम बोटभर असते. पावसाचे पाणी तिच्यातून झिरपत राहते. अशा ओल्या, उघड्या, उन्हातल्या जागी ऑगस्ट-सप्टेंबरात ही फुले दाटीने येतात. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेले साताऱ्याचे कास पठार त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे.

२. फूल पाहा. रंग जांभळट निळा, आकार नखाएवढा. पाकळ्यांचे दोन ओठ असतात. खालचा ओठ मोठा, त्याच्या तोंडाशी पांढरे ठिपके आणि मागे टोकदार शेपटी.

३. केन्याशी गल्लत करू नका. केन्याचे फूलही निळेच, पण त्याच्या पाकळ्या सुट्या असतात आणि मागे शेपटी नसते. केन्याची पाने रुंद, ठळक दिसतात. सीतेच्या आसवांचा नुसता बारीक देठ उभा दिसतो.

४. उपटू नका. उपटून मूळ सापडणार नाही, कारण या वनस्पतीला खरे मूळ नसतेच. चिखलात दोऱ्यासारखे धागे असतात आणि त्यांवर मोहरीहून लहान फुगे. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या दाराशी लागला की डोळ्याची पापणी लवण्याआधी आत ओढला जातो. मातीत कस नाही, म्हणून ती अन्नाची उणीव अशी भरून काढते.

आता सड्याकडे पुन्हा पाहा. फुलाला हवे ते सारे तिथे आहे: ऊन, पातळ माती, झिरपते पाणी. खड्डे खणले, भराव टाकला, सावली केली, तर हे तिन्ही जाते आणि फूलही जाते. उन्हाळ्यात तिथे काही दिसत नाही, तरी बी मातीत निजलेले असते.

म्हणून माझी विनंती आहे, झाडे जरूर द्या. ती घरांच्या परसात आणि बांधांवर लावू. सडा मात्र आहे तसा राहू द्या.