ध्रुपद धरून राहा

चि. सोनू यास,


पत्र पोचलं. माळ घातलीस तेव्हा हरिपाठ म्हणताना डोळे भरून यायचे. आता ओठ चालतात आणि डोक्यात ऑफिस, मग नेम सोडून द्यावा का, असं विचारतोस. हे तुला ढोंग वाटतं म्हणे! अरे, ढोंग चारचौघांना दाखवायला करतात. तू तर दार लावून बसतोस.

तुकोबांनी आपली हकीकत स्वतःच अभंगांत सांगून ठेवली आहे. गाथा काढून ती वाच. दुष्काळात एक बायको अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. मग देहूचं पडकं देऊळ मनावर घेतलं, एकादशीला कीर्तन करू लागले. तेव्हा चित्ताला अभ्यास नव्हता, हेही ते लपवत नाहीत. गोडी लागेपर्यंत थांबले का? संतांची वचनं पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे राहून ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरलं. भजनात तू पाहिलं आहेस, बुवा कडव्यामागून कडवं घेतात, मध्येच आलाप, दृष्टान्त, कुठल्या कुठे जातात. मागच्यांनी ध्रुपद सोडायचं नाही. त्या वेळी प्रत्येक टाळकऱ्याचं मन विठ्ठलापाशीच असतं, असं मला मुळीच वाटत नाही. पण ध्रुपद पडत नाही. तुला सध्या तेवढंच करायचं आहे.

मन भरकटलेलं ध्यानात आलं की तिथूनच पुढे म्हण. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. माझ्या सासूबाई तसं करायच्या आणि त्यापायी घरातली जेवणं खोळंबायची! सगळा हरिपाठ झेपत नसेल त्या दिवशी पाच अभंग म्हण, पण वेळ चुकवू नकोस. आणि देवाचा राग आला तर गिळू नकोस, त्याला बोल. आपल्या लेखी देव मेला, इथवर तुकोबांची मजल गेली होती. तरी त्यांनी विठोबाला सोडलं नाही.

उपासाचं फार मनावर घेऊ नकोस. एकादशीला साबुदाणा वडे चापून वर पुण्य मोजणारे आपल्याच घरात आहेत.

यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चाल. दिवेघाटात दम लागेल, आवाज फुटणार नाही, तरी ध्रुपद धर. सासवडला तुझे काका डबा घेऊन येतील. रजा मिळाली की फोन कर.

तुझी,
आत्या